पाच टोणगे आणि एक सुती दोरी

आक्काच्या गोठ्यात म्हशींच्या दावणीपासून जरा बाजूला एक खुंटा होता. ऐनाच्या लाकडाचा, वरचं टोक घासून घासून गुळगुळीत झालेला. नुकता जन्मलेला टोणगा, म्हणजे म्हशीचा नर, त्या खुंट्याला बांधायचे. पारडी झाली तर ती आईजवळ, कारण पारडी म्हणजे उद्याची म्हैस. टोणग्यासाठी मात्र हा खुंटा. दाव्याची लांबी आणि खुंट्याची जागा अशी जमवलेली, की त्यानं कितीही मान ताणली तरी त्याचं तोंड आणि आईची कास यांच्यात हातभर अंतर उरायचं. धारेच्या वेळी म्हैस पान्हावण्यापुरतं त्याला क्षणभर सोडायचं, की परत ओढून खुंट्याला. पाच-सहा दिवस तो ओरडायचा. मग ओरडणं बारीक होत जायचं. दहा-बारा दिवसांनी गोठा शांत. कोणी विचारलंच तर घरातलं माणूस म्हणायचं, "लागलं न्हाई त्याला," म्हणजे दूध अंगी लागलं नाही. मारलं असं कोणी म्हणत नसे, आणि मारलं म्हणावं असं कोणी काही केलेलंही नसे. खुंटा तेवढा तिथं होता.

माझी आक्का दुष्ट नाही. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, वडिवळे धरणाच्या पलीकडच्या अंगाला दिलेली, चार म्हशींचं दूध आयुष्यभर काढत आलेली बाई. दूध जातं लोणावळ्याला. शनिवार-रविवारी तिथल्या हॉटेलांना, बंगल्यांना कितीही दूध घातलं तरी कमीच पडतं. टोणगा जे पिईल ते तिथं कमी पडणार, आणि मोठा होऊन तो करणार काय? चिखलणीला आता पॉवर टिलर आहे. हे सगळं तिला पाठ होतं. पण टोणगा ओरडत असला की ती घरात थांबत नसे. काम नसताना शेतावर जायची, बांधावर बसायची. एकदा मी तिला विचारलं, "हितं काय करती उन्हात?" तर म्हणाली, "ऐकू येत न्हाई हितं."

मी तळेगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीला होतो. माझं काम मोजायचं. मशीनवरून उतरलेला तुकडा हातात घ्यायचा, मोजायचा, बरोबर की चूक सांगायचं. मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा वाटलं, आता स्वस्थ बसू. पंधरा दिवसांत बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कामावर जात होतात तेच बरं होतं." घरातल्या दारांच्या फटी मोजून झाल्या होत्या. पाण्याच्या टाकीचा उतार मोजून झाला होता. मला एका जागी बसता येत नाही, हा माझा जुना रोग आहे, आणि त्याला औषध नाही.

अशातच एकदा आक्काकडे गेलो असताना गोठ्यात दोन टोणगे एकदम होते, एक तिच्या म्हशीचा आणि एक शेजारी तिच्या जावेच्या म्हशीचा. दोघांचा एकच सूर लागला होता. आक्का निघाली बांधाकडे. मी तिच्या मागं गेलो आणि काही विचार न करता बोलून बसलो, "आक्का, मला दे त्ये. मी वाढवतो."

"वाढवून काय करशील?"

"खाटकाला देईन. रीतसर. अंगानं भरलेला टोणगा घ्यायला गिऱ्हाईक हाय."

ती थांबली. मला वाटलं आता शिव्या घालेल. पण ती बांधावर बसली. मग म्हणाली, "खाटकाकडं जानार, आन् तरी वाढवायचं?"

"हितं बारा दिसांत जातोय. तितं दोन वर्सं चरंल तरी."

ही दोन वर्षांची गोष्ट मी सहज बोललो होतो. आक्कानं मात्र ती धरून ठेवली. तिनं तिथंच अट घातली. दोन महिने एक थान टोणग्याला सोडीन, घरात भांडण झालं तरी सोडीन. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आत, टोणगे भरलेत असं घेणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. म्हटला, तर यापुढं तिच्या गोठ्यात जन्मणारा प्रत्येक टोणगा जगेल. नाही म्हटला, तर खुंटा आहे तिथं राहील आणि मी परत या विषयावर तोंड उघडायचं नाही. "पोरं ऐकत न्हाईत माजं," ती म्हणाली. "त्यास्नी कायतरी दाखवाय लागंल."

त्या हिवाळ्यात आक्काचे दोन, जावेचा एक आणि वाडीतल्या दोन घरांचे दोन असे पाच टोणगे माझ्याकडं आले. नावं ठेवायची नाहीत असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं. पण ओळखायला काही तरी लागतंच. एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, तो ठिपकेवाला. हा आक्काचा, बांधावरून तिला ऐकू येत नव्हता तोच.

आमचं शेत धरणाच्या पाण्याला लागून. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं तशी काळी ओली जमीन उघडी पडते, आणि तिच्यावर असं हिरवं गवत उठतं की बघत राहावं. जर्सी गाय त्या चिखलात पाय घालणार नाही. घातला तर तिचा खूर सडेल. टोणगे मात्र छातीपर्यंत आत शिरत. लव्हाळं, पाणगवत, बैल हुंगून सोडून देईल असलं राठ काहीतरी, ते सगळं खात. दुपारी चिखलात अंग टाकून देत, वर नुसत्या नाकपुड्या आणि पाठीवर बगळा. मी काठावरच्या उंबराखाली बसायचो, म्हणजे दर पाच मिनिटांनी उठायचो. पेंड नाही, कडबा नाही, फुकटच्या चिखलातून मांस तयार होतंय, हे बघताना मला कारखान्यात कधी झाला नाही असला आनंद व्हायचा. एवढी वर्षं ही जनावरं आपण खुंट्याला बांधून घालवली, हा विचार आला की मी उठून चिखलाच्या कडेनं चालू लागायचो.

गावात बोललं जाऊ लागलंच. पारावर बसणारे एक आबा मला म्हणाले, "खाटकासाठी पाळतोयस म्हनं?" मी म्हटलं, "आबा, तुमची भाकड म्हैस गेल्या साली कुटं गेली?" ते म्हणाले, "बाजारात." बाजारातून पुढं कुठं गेली हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आमच्याकडं जनावर बाजारात जातं, त्याच्या पुढचा रस्ता कोणी बघत नाही. मी तो उघड बोललो एवढाच माझा गुन्हा.

घेणारे चाचा कामशेतकडचे. सत्तरीचे, अंगानं बारीक, तीन पिढ्यांचा खाटकाचा धंदा, कागदपत्रांचे पक्के. बोलणं आमच्यासारखंच मावळी, मधे एखादा हिंदी शब्द. पहिल्या वर्षी ते एकदा येऊन गेले. टोणग्याजवळ जाताना आधी त्याच्या मानेवर हात ठेवायचे, जनावराचा श्वास संथ झाला की मगच हात पाठीवरून मागं न्यायचे. शेपटीच्या मुळाशी, फासळ्यांवर, दोन बोटांत कातडी धरून बघायचे. मला म्हणाले, "चांगली हायती. पर घाई नका करू. दुसरा पाऊस काढू द्या, मग येतो." मी विचारलं, "वजन कसं मोजता?" त्यांनी तळहात दाखवला. मला हसू आलं. आयुष्यभर मी तळहातवाल्यांशीच भांडलो होतो. कारखान्यात जुने कामगार असेच बोटांनी चाचपून 'बरोबर आहे' म्हणायचे आणि मी मायक्रोमीटर लावून त्यांना खोटं पाडायचो.

म्हणून मी दोरी केली. टोणग्याचं वजन काट्याशिवाय काढायचं तर पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजतात, घेर वाढला की वजन वाढलं. पोलादी टेपचा आवाज झाला की टोणगे लाथ झाडत. बायकोची शिवणाची टेप नेली, तर त्यातली अर्धी एकानं चावून खाल्ली, आणि ब्लाउजच्या मापासाठी मी आठवडाभर बोलणी खाल्ली. मग बाजारातून दोरी आणली. दुकानदार नायलॉनची देत होता. मी त्याला तिथंच उभ्या उभ्या समजावलं की नायलॉन ताणलं जातं, माप चुकतं, मला सुती हवी. दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात, कडक उन्हात ओट्यावर पोलादी पट्टी ठेवून मी दर पाच सेंटिमीटरला गाठ मारली, आणि प्रत्येक गाठ परत तपासली. दोरी गोठ्याच्या वळचणीला खिळ्याला टांगली. किती हुशार मी!

ज्येष्ठाच्या शेवटी पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे तीन महिने सूर्य रजेवर. पहिल्या पंधरा दिवसांतच पाचही टोणगे एकेका गाठीनं वाढले. पाऊस पडला, गवत कोवळं झालं, जनावर वाढलं, यात खटकण्यासारखं काय होतं? आषाढात आणखी अर्धी गाठ. श्रावणात ठिपकेवाला तर जवळजवळ दोन गाठी पुढं गेलेला. मी आधी पंधरवड्यानं मोजायचो, मग आठवड्यानं, मग एक दिवसाआड. चिंब भिजून, घोंगडं पांघरून, दोरी हातात. बायको म्हणायची, "वाढू द्या की त्यांना. सारखं मोजून कधी कोणी वाढलंय?" मी ऐकतोय कशाला! प्रत्येक गाठीला मी आक्काला फोन लावायचो. ती फोनवर फार बोलत नाही. पण श्रावणातल्या एका फोनला तिनं स्वतःहून सांगितलं, "थोरली म्हस गाभन हाय. थंडीत व्येल." आणि थोडं थांबून, "टोनगा झाला तर बघू."

त्या 'बघू'नं मला झोप येईना. भरदिवसा पण बसवेना. दसरा कधी येतो असं झालं.

चाचा आले भाद्रपदात, पाऊस जरा उघडला होता तेव्हा. मी दोरी गळ्यात टाकूनच उभा होतो, डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी. त्यांनी पहिल्या टोणग्याच्या मानेवर हात ठेवला, मग पाठीवरून मागं नेला, आणि थांबले. दुसऱ्याला हात लावला, तिसऱ्याला. ठिपकेवाल्याच्या फासळ्यांवर त्यांची बोटं बराच वेळ होती.

"भाऊ, ह्ये भरल्यालं न्हाईत. कातडं सैल पडलंय. गेल्या साली हुती त्येच्यापेक्षा उतरलीत."

"चाचा, दोन गाठी वाढलाय तो. बघा." मी दोरी त्याच्या छातीभोवती टाकून दाखवली.

"गाठी असत्याल. पर हाताला हाड लागतंय."

"पोट बघा केवढं आहे!"

"पोट गवताचं आन् पान्याचं. मांस पाठीवर बसतं, भाऊ."

मी चिडलो. चारचौघांत बोलू नये ते बोललो. हाताच्या अंदाजावर धंदा करणाऱ्यानं मापाला शिकवू नये, असं काहीतरी. चाचा रागावले नाहीत. त्यांनी ठिपकेवाल्याचा जबडा वर उचलला आणि माझा हात धरून खाली लावला. तिथं लिबलिबीत सूज होती, पाणी भरलेल्या पिशवीसारखी. "माप राहू द्या," ते म्हणाले. "आधी डॉक्टरला बोलवा."

ते गेल्यावर मी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, आणि येईपर्यंतचा वेळ कसा काढायचा म्हणून, म्हणजे खरं तर चाचांना खोटं पाडायला, दोरी ओट्यावर पसरली आणि पोलादी पट्टी शेजारी ठेवली. दहा गाठी पन्नासवर यायला हव्या होत्या. त्या साडेशेहेचाळीसवर होत्या. मी दोरी ताणून बघितली. उलटी करून बघितली. पट्टी बदलली. मग ओट्यावर बसलो, आणि बहुधा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी एका जागी अर्धा तास बसून राहिलो.

सुती दोरी भिजली की आखडते. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, पावसात वाळत घालायची दोरी कशी ताठ होते ते. मी ती भिजवत होतो, वळचणीला टांगत होतो, परत भिजवत होतो, आणि दर पंधरवड्यानं दोरी थोडी आणखी आखूड होत होती. टोणगे वाढत नव्हते. दोरी लहान होत होती. कारखान्यात आमची मोजायची खोली वेगळी असायची, चपला काढून आत जायचं, प्रत्येक उपकरण ठरल्या मुदतीला मूळ मापाशी ताडून बघायचं, त्यावर चिठ्ठी लावायची. तीस वर्षं त्या चिठ्ठ्यांवर माझी सही होती. मावळात राहून, मावळच्या पावसात, मी सुती दोरीवर विश्वास ठेवला आणि एकदाही पट्टीशेजारी ठेवून बघितली नाही. कारण ती मला हवं ते सांगत होती.

डॉक्टरीणबाई आल्या, सरकारी दवाखान्यातल्या, तरुण, गुडघ्यापर्यंत गमबूट. त्यांनी टोणगे बघायच्या आधी काठावरचं गवत उपसून बघितलं. पानांच्या बुडाशी लहान लहान गोगलगायी चिकटलेल्या. "उन्हाळ्यात पाण्याच्या कडेला चारलंत ना?" त्यांनी विचारलं. चपटे जंत असतात, ते या गोगलगायींमधून गवतावर येतात आणि जनावराच्या यकृतात जाऊन बसतात. जनावर खातं, पण अंगी काही लागत नाही. मला हसू आलं की रडू ते कळेना. 'लागलं न्हाई त्याला.' आक्काच्या घरचं ते वाक्य माझ्या उंबराखाली येऊन बसलं होतं, आणि मी त्याच्याच छातीला दोरी लावून आक्काला फोन करत होतो.

पाचांना औषध पाजलं. काठावर चरणं बंद, वरच्या माळावरचं गवत कापून आणायचं, आणि औषध दिल्यावर त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत जनावर कापायला द्यायचं नाही. चौघं सावरले. ठिपकेवाला सावरला नाही. तो तिसऱ्या दिवशी सकाळी चिखलाकडं तोंड करून बसला आणि उठलाच नाही. दुपारपर्यंत मी त्याला उठवायचा प्रयत्न करत होतो, पोटाखाली पोतं घालून, बायकोला हाक मारून. शेवटी तीच म्हणाली, "सोडा आता त्याला." जेसीबीवाल्याला बोलवून बांधाजवळ खड्डा घेतला.

आक्काला मी सांगितलं नाही. खरं तेच लिहितो, मला तोंड नव्हतं. दोन गाठी, दोन गाठी म्हणून मी तिच्या कानीकपाळी ओरडलो होतो. तिचे फोन यायचे, मी उचलायचो आणि बायकोकडं द्यायचो. स्कूटर काढायचो, धरणाला वळसा घालून तिच्या वाडीच्या फाट्यापर्यंत जायचो, आणि परत फिरायचो. असं चारदा झालं. पाचव्यांदा फाट्यावर आक्काच उभी होती, डोक्यावर गवताचा भारा. तिनं भारा खाली टाकला आणि म्हणाली, "चारदा बघितला तुला हितनं परत जाताना. आता बोल."

मी रस्त्यावरच सगळं सांगितलं. दोरी, चाचा, जंत, ठिपकेवाला. दोरी खिशात होती, ती काढून दाखवली. तिनं हातात घेतली, गाठी चाचपल्या.

"म्हंजी पावसाळाभर तू सांगितलंस त्ये समदं खोटं."

"व्हय."

"दसरा चार दिसांवर आलाय."

"व्हय. हारलो मी."

तिनं दोरी परत दिली. "ठिपकेवाला माजा हुता," एवढंच म्हणाली. भारा उचलून द्यायला सांगितला आणि चालू लागली. दहा पावलं गेल्यावर मागं न बघता विचारलं, "चरत हुता का शेवटापत्तुर?" मी म्हटलं, "आदल्या दिशी चरला." मग ती गेली.

दसरा आला आणि गेला. अट मोडली होती. मी तरी रोज माळावर जाऊन गवत कापत होतो, कारण चार जनावरं समोर उभी होती आणि त्यांना अटीचं काही माहीत नव्हतं. मोजणं मी बंद केलं. हात शिवशिवायचे, पण केलं. रोज सकाळी पहिल्यांदा मानेवर हात ठेवायचो, मग पाठीवरून मागं, चाचांसारखा. कार्तिकात हाताला हाड लागायचं. मार्गशीर्षात शोधावं लागायला लागलं. वरचं गवत, कोरडी हवा, पोटात जंत नाहीत. इतके दिवस जे व्हायला हवं होतं ते आता, कोणी वाट बघत नसताना, झपाट्यानं होत होतं.

मुदत संपली, डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. पौषात चाचा आले. माझ्या दोरीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, आणि मी भाद्रपदातल्या बोलण्याबद्दल माफी मागायला गेलो तर म्हणाले, "आवो, पावसाळ्यात मानसाचं डोकं पन आखडतं." चौघांवरून हात फिरवला. "ह्यो भरलाय. ह्यो पन. ह्ये दोन मधले. चला, चांगलं झालं." मला वाटलं होतं, हे शब्द ऐकल्यावर मी उड्या मारीन. मी टेंपोच्या फळीजवळ नुसता उभा राहिलो. चाचांनी एकेकाला मानेवर हात ठेवून वर नेलं, कोणाला काठी लावली नाही. शेवटचा फळीवर पाय ठेवून अडला आणि मागं वळून माझ्याकडं बघू लागला. हे मीच ठरवलेलं होतं. पहिल्या दिवसापासून, बांधावर आक्काशी बोललो तेव्हापासून, हेच ठरलेलं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो चढला.

टेंपो गेल्यावर मला घरात थांबवेना. स्कूटर काढली आणि यावेळी फाट्यावर न थांबता सरळ आक्काच्या दारात. ती चुलीपुढं होती. मी म्हटलं, "गेले."

"वरडले का?"

"न्हाई. एक अडला. मग चढला."

"काटी लावली?"

"न्हाई. हात ठिवला मानंवर."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "थोरली व्याली. सा दिस झालं."

"काय झालं?"

"टोनगा."

मी कान दिला. गोठा घराला लागूनच, मधे नुसती कुडाची भिंत. ओरडणं ऐकू येत नव्हतं. बारीकही नाही. सहा दिवसांचा टोणगा आणि गोठा शांत, म्हणजे काय ते मला कळत होतं. एखादा अशक्त असला तर सहा दिवसही लागत नाहीत. मी उठलो. आक्का म्हणाली, "चा ठिवते," पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

गोठ्यात उजेड कमी होता. आधी म्हैस दिसली, रवंथ करणारी. मग तो दिसला. तिच्या मागच्या पायांपाशी उभा, शेपूट हलतेय, तोंड कासेत, आणि हनुवटीवरून पांढरा फेस ओघळतोय. ओरडायला तोंड रिकामं कुठं होतं! दाव्यानं बांधलेलाच होता, ऐनाच्या त्याच गुळगुळीत खुंट्याला. पण खुंटा तिथं नव्हता जिथं मी त्याला चाळीस वर्षं बघत आलो होतो. तो उपटून दावणीकडं हातभर अलीकडं ठोकला होता. जुन्या जागी खोल भोक राहिलं होतं, त्यात शेणाचं पाणी साठलं होतं.

माझ्या मागून आक्का चहा घेऊन आली. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "दोन वर्सं चरंल. मग तू ने." कप माझ्या हातात दिला आणि धारेची चरवी घेऊन म्हशीच्या दुसऱ्या अंगाला बसली.